निकालाची वाट कोण पाहतो?

'निकालाची प्रतीक्षा' हा शब्दप्रयोग आपल्या सार्वजनिक भाषेत इतका रुळला आहे, की त्यात दडलेले असत्य आता कुणाला खटकत नाही. एखाद्या गाजलेल्या खुनाच्या खटल्याचा निकाल जवळ आला, की जळगावच्या महाविद्यालयांतील प्राध्यापक-कक्षांत आणि धुळ्याच्या आग्रा रोडवरील चहाच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न ऐकू येतो : 'लागला का?' मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरत राहते, वृत्तवाहिनीची तांबडी पट्टी सरकत राहते आणि हजारो माणसे 'वाट पाहत' असतात. आमचे म्हणणे असे, की यांतील बहुतेक जण कसलीही वाट पाहत नसतात. त्यांचा निकाल आरोपीच्या अटकेच्या दिवशीच लागलेला असतो. उरलेली असते ती न्यायालयाची सही. सही मिळाली तर 'न्याय जिंकला', न मिळाली तर 'न्याय विकला गेला'. उत्तर आपल्या अपेक्षेहून वेगळे निघू शकते, ही शक्यता मनात जिवंत ठेवल्याखेरीज प्रतीक्षा या शब्दाला अर्थ राहत नाही. जिच्यात ही शक्यताच नाही, तिला मराठीत तगादा म्हणतात.

यावर एक आक्षेप ताबडतोब येईल आणि तो हलका नाही. लोकांनी नजर ठेवली नसती तर अनेक खटले उभेच राहिले नसते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. महाराष्ट्रातील दलित समाज रस्त्यावर आला नसता, तर ते प्रकरण गावातल्या भांडणाची एक नोंद म्हणून दप्तरात पडून राहिले असते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे दर महिन्याच्या वीस तारखेला ओंकारेश्वर पुलावर जमत राहिले. त्या चिकाटीचा तपासावर परिणाम झाला नाही असे कोण म्हणेल? हे सारे आम्हाला मान्य आहे. परंतु या दोन्ही ठिकाणी लोक मागत काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. 'तपास करा, कलमे नीट लावा, सूत्रधार शोधा' ही मागणी शासनाकडे आणि पोलिसांकडे होती. ती लोकशाहीतील नागरिकाची रास्त मागणी आहे. 'अमुक दोषी ठरलाच पाहिजे' ही मागणी न्यायाधीशाकडे असते, आणि ती करणारा नागरिक नकळत न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसलेला असतो. पहिल्या मागणीचे पुण्य दुसरीच्या पदरात घालण्याची हातचलाखी सध्या सर्रास चालू आहे. आमचा विरोध तिला आहे.

खटल्याचा असा प्रेक्षक घडवला कसा जातो, याचे उदाहरण शोधायला खान्देशाबाहेर पाऊल टाकावे लागत नाही. विशेष सरकारी वकील म्हणून देशभर गाजलेले उज्ज्वल निकम जळगावचे. त्यांची वकिलीही जळगावातच सुरू झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचा खटला त्यांनी चालवला आणि तो चालू असताना, कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. ती बिर्याणी देशभर शिजली. संपादकीयांत शिजली, निवडणुकीच्या सभांत शिजली, विनोदांत शिजली. पुढे मार्च २०१५ मध्ये जयपूर येथे स्वतः निकम यांनीच सांगितले, की बिर्याणीची ती गोष्ट आपण रचलेली होती. कसाबविषयी निर्माण होऊ लागलेले भावनिक वातावरण तोडण्यासाठी ती सांगितली होती.

या कबुलीतील प्रामाणिकपणाचे कौतुक ज्यांना करायचे ते खुशाल करोत. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र वेगळा प्रश्न विचारायला हवा. सरकार पक्षापाशी छायाचित्रे होती, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते. आरोपी जिवंत पकडला गेला होता. इतका भक्कम पुरावा हाताशी असताना कल्पित कथेची गरज का भासली? न्यायाधीशापुढे ती कथा सांगून काहीच साधायचे नव्हते. ती सांगितली गेली न्यायालयाबाहेर बसलेल्या दुसऱ्या न्यायालयासाठी, म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी. खटला दोन ठिकाणी चालत होता, आणि दुसऱ्या ठिकाणी पुराव्याचा कायदा लागू नव्हता. याच खटल्यात आरोपीचे वकीलपत्र स्वीकारले म्हणून अ‍ॅड. अंजली वाघमारे यांच्या घरासमोर २००९ मध्ये निदर्शने झाली. बचावाचा वकील हा खलनायकाचा साथीदार, असे मानणाऱ्या प्रेक्षकाला उलटतपास म्हणजे कथानकातला कंटाळवाणा अडथळा वाटणार, यात नवल नाही. आणि त्याचा परिणाम पाहा. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच दिवशी, त्याच न्यायालयाने, त्याच निकालात दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष ठरवले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, हे किती जणांना आठवते? निकालपत्र एकच होते. त्याचे एक पान वाचले गेले, दुसरे फाडून टाकले गेले.

'तगादा' हा शब्द कठोर वाटत असेल, तर २०२५ च्या जुलै महिन्याकडे वळू. २१ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वेतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांतील पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा पूर्वदाखला म्हणून उपयोग करण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात मात्र धाडले नाही. पुढे ३१ जुलै रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने, धुळ्याहून अवघ्या तासाभराच्या अंतरावरील मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या आणि सहा जणांचा बळी घेणाऱ्या स्फोटाच्या खटल्यात सातही आरोपींना निर्दोष सोडले. सरकार पक्षाने तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले होते, त्यांतील तीसहून अधिक फितूर झाले. प्रबळ संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व न्यायालयाने पुन्हा एकदा मांडले.

दहा दिवसांत दोन निर्दोष मुक्तता. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : जे घडले ते या माणसांनी केले, हे संशयापलीकडे सिद्ध झाले का? या दहा दिवसांत आपल्या आसपास जे बोलले गेले ते आठवून पाहावे. पहिल्या निकालाने ज्यांचा संताप झाला, त्यांतील पुष्कळांना दुसऱ्या निकालात सत्याचा विजय दिसला. पहिल्या निकालाने ज्यांना न्यायव्यवस्थेची थोरवी पटली, त्यांतील पुष्कळांनी दुसऱ्या निकालानंतर तीच व्यवस्था मोडीत काढली. दोन्ही निकालपत्रे वाचून, तपासाची पडताळणी करून, 'दोन्ही वेळा माणसे मारणारे मोकळेच राहिले, मग तपास यंत्रणांनी इतकी वर्षे केले काय?' असा एकच प्रश्न दोन्ही वेळा विचारणारे किती होते? मुंबईच्या लोकलमध्ये आणि मालेगावच्या भिक्कू चौकात मेलेल्या माणसांचे नातलगच खऱ्या अर्थाने वाट पाहत होते. त्यांची वाट अजून संपलेली नाही. बाकीच्यांची प्रतीक्षा आरोपींची नावे कळली तेव्हाच संपली होती.

आता धुळे जिल्ह्यातील त्या गावाकडे येऊ, ज्याचा उल्लेख खान्देशात आजही खालच्या आवाजात होतो. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मंगळवेढा भागातून भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मारहाणीचे चित्रण झाले आणि तेही मोबाइलवरून फिरले. त्या हंगामात देशभर मुले पळवणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या. त्यांतील एक गाजलेली चित्रफीत तर कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीपटातून कापून काढलेली होती. या घटनेनंतर पंधरवड्यातच, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयीचा आपला महत्त्वाचा निकाल दिला, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

राईनपाड्याविषयी शिक्षितांचे एक सोयीचे स्पष्टीकरण आहे : 'अडाणी लोक, अफवेला बळी पडले.' हे स्पष्टीकरण आम्हाला मान्य नाही. त्या दिवशी तिथे जे घडले त्याची रचना पाहा. फिर्याद होती, ती पुढे ढकललेल्या संदेशात. पुरावा होता, तो कुणीतरी पाठवलेल्या चित्रफितीत. साक्षीदार सगळेच होते. निकाल काही मिनिटांत लागला, अंमलबजावणीही झाली. नव्हता तो फक्त उलटतपास. 'तुम्ही कोण, कुठले, तुम्हाला ओळखणारे कोण?' हे प्रश्न विचारून उत्तर खरे की खोटे ते तपासण्याइतका वेळ मिळाला असता, तर पाच माणसे जगली असती. कायद्याची जी दिरंगाई आपल्याला चीड आणते, ती मुळात या प्रश्नासाठी राखून ठेवलेली जागा आहे. (भारतीय न्यायालयांतील तारखांचा खच हा वेगळा रोग आहे आणि त्यावर इलाज झालाच पाहिजे, पण रोग्याला मारून रोग बरा होत नाही.) मारणारा हात आणि मोबाइलवर 'भर चौकात फाशी द्या' असे लिहिणारा हात यांचा गुन्हा सारखा नाही, हे उघड आहे. फरक कृतीचा आहे, मोठा आहे. तर्कपद्धती मात्र एकच आहे, आणि ती शिकवायला कुठल्याही पाड्यावर जावे लागत नाही. पदव्युत्तर वर्गातही ती उत्तम अवगत असते.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. मारहाण पाहायला प्रेक्षक अपार मिळाले. खटल्याला किती मिळाले? ज्या मराठी विभागांत 'उपरा' (१९८०) आणि 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने अभ्यासाला आहेत, भटक्या-विमुक्तांच्या वेदनेवर चर्चासत्रे होतात आणि प्रबंध लिहिले जातात, त्या विभागांतील किती जणांनी राईनपाड्याच्या खटल्याची एक तरी तारीख न्यायालयात बसून पाहिली? वसाहतकाळातील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यावर आपण परीक्षेत टीप लिहून घेतो. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. फिरस्त्या माणसावर संशय घेण्याची सवय मात्र राहिली, आणि तिने राईनपाड्यात पाच जीव घेतले. पुस्तकातल्या भटक्याला सहानुभूती आणि खोलीत कोंडून मारलेल्या भटक्याच्या खटल्याला रिकामी बाके, अशी ही वाटणी आहे.

कारण आपली प्रतीक्षाही निवडक असते. २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यात तत्कालीन अहमदनगरच्या न्यायालयातून एका आठवड्यात दोन निकाल बाहेर पडले. २९ नोव्हेंबरला कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली; तिची वाट सारा महाराष्ट्र पाहत होता. त्याच्या सहा दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, त्याच जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये झालेल्या एका दलित विद्यार्थ्याच्या हत्येच्या खटल्यात नऊ आरोपी निर्दोष सुटले होते. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. कोपर्डीच्या मुलीसाठी झालेला आक्रोश खराच होता आणि तिच्या कुटुंबाचे दुःख कुठल्याही तुलनेत ओढणे हीन ठरेल. प्रश्न प्रेक्षकाचा आहे. ज्या खटल्यावर लाखोंची नजर असते तिथे साक्षीदाराला बळ मिळते, हे खरे असेल, तर ज्या खटल्यावर कुणाचीच नजर नसते तिथला साक्षीदार एकटा पडतो, हेही तितकेच खरे. ही नजर कुठे वळते, ते जात ठरवते, धर्म ठरवतो आणि वृत्तवाहिनीची वेळ ठरवते. अशा नजरेला 'जनतेचा न्यायविवेक' म्हणणे हा मराठी भाषेवरचा अन्याय आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सांगण्याचे कारण असे, की या रोगाची ओळख त्यांना फार पूर्वीच व्हायला हवी होती. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. वेळ घालवण्यासाठी काही हौशी मंडळी अभिरूप न्यायालय मांडतात, बेणारेवर गमतीने आरोप ठेवला जातो आणि बघता बघता गंमत शिकारीत बदलते. त्यातील एक तपशील आपण वर्गात घाईने ओलांडतो : न्यायाधीश झालेले काशीकर स्वतःच साक्ष द्यायला उभे राहतात. न्यायाधीश, साक्षीदार आणि फिर्यादी एकाच देहात वावरू लागले, की खटल्याचे काय होते, हे तेंडुलकरांनी तिथे दाखवून ठेवले आहे. आज हातात मोबाइल असलेला प्रत्येक जण काशीकर होऊ शकतो. तो व्हायचे की नाही, एवढाच निर्णय ज्याच्या त्याच्या हाती आहे. हे नाटक 'स्त्रीवादी दृष्टिकोनातून' आणि 'मध्यमवर्गीय दांभिकतेचे चित्रण' म्हणून तपासणाऱ्या उत्तरपत्रिकांचे ढीग साठले, पण त्या वाचनाने आपल्या खटला पाहण्याच्या रीतीला धक्का लावला नाही.

खान्देशाला तर याहून जवळचा वारसा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही त्या शहरात आहे. राजवाड्यांची अनेक मते आज टिकणारी नाहीत, काही तर त्याज्य आहेत. पण अस्सल कागद पाहिल्याखेरीज बोलायचे नाही, ही शिस्त त्यांनी मराठी ज्ञानव्यवहाराला लावली. त्यासाठी गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा केली. त्या धुळ्यात, त्या जिल्ह्यात, कागदाचा मागमूस नसलेल्या अफवेवर पाच माणसे मारली जावीत, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा विरोधाभास नाही. पुराव्याची शिस्त संशोधन मंडळाच्या कपाटात राहिली. ती समाजाच्या रोजच्या बोलण्यात उतरवण्याचे काम ज्यांचे होते, ते शिक्षक आहेत.

ते काम कसे करता येईल? आमच्या मते निकालपत्र ही वाचनाची संहिता मानण्यापासून सुरुवात व्हावी. खैरलांजीच्या खटल्यात भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, तेव्हा सहा फाशींचा आकडा सगळ्यांनी मोजला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा इथे लागू होत नाही, असे त्याच निकालाने म्हटले होते. सूडाची गोष्ट राहिली आणि जात कथनातून बाहेर गेली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. जात तेव्हाही परत आली नाही. शिक्षेचा आकडा वाचणारा आणि निकालाची भाषा वाचणारा यांत केवढे अंतर असते, ते इथे दिसते. दाभोलकर खटल्याचा १० मे २०२४ चा निकालही असाच वाचावा लागतो. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष, एवढी बातमी झाली. मुख्य सूत्रधार दुसराच कुणी आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यात तपास यंत्रणा अपयशी ठरल्या, हे न्यायालयाने नोंदवलेले वाक्य बातमीच्या तळाशी गेले. अकरा वर्षे पुलावर उभे राहिलेल्यांसाठी खरा निकाल त्या वाक्यात आहे, आणि तो अपूर्ण आहे.

अशी वाक्ये शोधणे, त्यांतील मौन ऐकणे, कोणता शब्द का वापरला आणि कोणता का टाळला हे विचारणे, याचेच तर शिक्षण साहित्याच्या वर्गात मिळते असा आपला दावा असतो. मग तो दावा कथा-कवितेपुरता का? पुष्कळ निकालपत्रे इंग्रजीत असतात ही अडचण आहे. पण ज्या विद्यापीठांत परकीय सिद्धान्तग्रंथांचे उतारे अनुवादून शिकवले जातात, तिथे एका निकालपत्राची दहा पाने मराठीत आणता येत नाहीत, हे पटण्यासारखे नाही. फौजदारी न्यायालयाचे दार कायद्याने सामान्यतः सर्वांना खुले असते. खटल्याची पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. जळगावचे जिल्हा न्यायालय शहरात आहे, धुळ्याचेही शहरातच आहे. ज्या मोबाइलवर 'लागला का?' विचारले जाते, त्याच मोबाइलवर ज्या खटल्याची कुणी वाट पाहत नाही त्याची तारीख पाहावी, आणि त्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसावे. तिथे बिर्याणी नसते, तांबडी पट्टी नसते. पंचनाम्यातील अंतरे असतात, साक्षीदाराचे अडखळणे असते, वकिलाचा तोच प्रश्न चौथ्यांदा असतो. कंटाळा येईल. त्या कंटाळ्यात बसून राहता येणे, ही राईनपाड्याच्या खोलीत कुणापाशीच नसलेली गोष्ट होती.